गुडघ्यांची आपसी बदली

पंगतीत वाढणारा माणूस कधी वर बघत नाही. त्याची नजर पत्रावळींवर असते आणि पत्रावळी जमिनीवर असतात. हे मला देगलूरच्या एका लग्नात कळलं, कारण मी जमिनीवर नव्हतो. माझे दोन्ही गुडघे वाकायला तयार नसल्यामुळे मला पंगतीच्या मागे, लाल प्लास्टिकच्या खुर्चीत, ताट मांडीवर देऊन बसवलं होतं. जिलबी तीनदा आली आणि तीनदा माझ्या गुडघ्यांसमोरून निघून गेली. पहिल्यांदा मी खाकरलो. दुसऱ्यांदा "अहो" म्हणालो. तिसऱ्यांदा वाढप्याच्या उपरण्याचं टोक धरलं. उपरणं माझ्या हातात राहिलं आणि वाढपी जिलबीसह पुढे गेला.

त्या भरात मी उभा राहिलो (म्हणजे दोघांनी मला उभं केलं) आणि भर मांडवात जाहीर केलं की पुतणीच्या, मनस्विनीच्या, लग्नात मी जमिनीवर मांडी घालून जेवीन आणि कुणाचा हात न धरता उठेन.

"बसाल हो," आमच्या सौ. प्रेमलाबाई म्हणाल्या, "उठवायला जेसीबी सांगून ठेवते."

हे एवढ्यावर मिटलं असतं. पण मनस्विनी गुणाची पोर. तिने लातूरच्या सासरी सांगून टाकलं, "बुफे नको, पंगत ठेवा. माझे अनंताकाका पंगतीला बसणार आहेत." ठरलेला बुफे रद्द झाला. आता दोन घरची चारशे माणसं माझ्यामुळे जमिनीवर बसणार होती, आणि मी एकटा खुर्चीत बसलो असतो तर लातूरला तोंड दाखवायची सोय नव्हती. लग्नाला साडेचार महिने होते.

तेवढ्यात मलप्पा बातमी घेऊन आला. मलप्पा म्हणजे माझा शेजारी. उदगीरला त्याचं कापडाचं दुकान होतं, ते मुलाच्या हवाली करून तो नांदेडला आला आणि तेव्हापासून त्याचे गुडघे आणि माझे गुडघे एकाच बाकावर बसतात.

"येनप्पा अनंतराव," तो म्हणाला, "गावाबाहेरच्या फिजिओथेरपी कॉलेजात गुडघ्यावर संशोधन चालू हाय. माणसं पाहिजेत म्हणे. चाळीस."

आम्ही गेलो. संशोधन करणारी मुलगी विशाखा, जळकोटची. तिथे एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीतली वरची पदवी, करून राहिली होती आणि हा तिचा प्रबंध होता. आवाज मऊ, पण नियम सांगताना अगदी स्टेशनमास्तर. बारा आठवड्यांचा अभ्यास. वीस जणांना नवा व्यायाम, तो अ गट. वीस जणांना नेहमीचे उपचार, तो ब गट. कोण कुठे जाणार ते बंद पाकिटातून ठरणार. आठवड्यातून एकदा कॉलेजात यायचं, बाकी घरी करायचं आणि डायरीत लिहायचं. सहा पानांचं माहितीपत्र आणि संमतीपत्र तिने माझ्या हातात दिलं. "घरी वाचा, विचारा, मग सही करा."

घरी विचारणं ही चूक होती. आमच्या गल्लीत कोर्टातले एक निवृत्त पेशकार आहेत. त्यांनी सहाही पानं चष्मा बदलून बदलून वाचली आणि म्हणाले, "कलम नऊ. तुम्ही कधीही बाहेर पडू शकता. याचा अर्थ कळला का? ते तुम्हाला कधीही काढू शकतात." समोरच्या राजश्रीवहिनींनी कागदाला हातही न लावता एरंडाची पानं बांधायला सांगितलं. ती मी बांधलीही. गल्लीतली शेळी दोन दिवस माझ्या मागे फिरली.

सही करून परत गेलो तर विशाखाने आधारकार्ड बघितलं. "काका, यात तुमचा जन्म एकोणीसशे पंच्याऐंशीचा आहे. म्हणजे तुम्ही अजून चाळिशीतले. आमच्या अभ्यासाला पंचावन्न पूर्ण लागतात."

सहा वर्षं पेन्शन घेणारा माणूस चाळिशीतला निघाला, आणि हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्यासुद्धा. दुरुस्तीसाठी तीन चकरा झाल्या. पहिल्या दिवशी सर्व्हर गेला. दुसऱ्या दिवशी माझा अंगठा उमटेना. तीस वर्षं रेल्वेच्या विभागीय कार्यालयात कागद मोजून तो झिजला होता. तिसऱ्या दिवशी खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, म्हातारं व्हायला एवढी घाई कशाला करून राहिलात?"

"करू दे बाई," मागून प्रेमलाबाई म्हणाल्या, "एवढा तरणा नवरा मलाही शोभत नाही."

अखेर मी कायदेशीर म्हातारा झालो आणि पाकिटं फुटली. मलप्पाला अ गट. मला ब.

आता हे नीट समजून घ्या. मी आयुष्यात दुसऱ्या श्रेणीत कधी आलो नाही, गणित सोडून. ब गटाला काय मिळालं? गरम करून गुडघ्याखाली ठेवायची एक निळी पिशवी, टॉवेलची गुंडाळी दाबायचा व्यायाम आणि 'वजन कमी करा' असं सांगणारं पत्रक. आणि अ गटाला? खुर्चीवरून उठबस, मग चौरंगावरून, मग एकावर एक ठेवलेल्या दोन पाटांवरून, मग एका पाटावरून, आणि नवव्या आठवड्यात थेट सतरंजीवरून. एकेक पायरी उतरत माणूस जमिनीवर पोचणार! म्हणजे मला हवं होतं तेच, आणि ते मिळालं मलप्पाला, जो म्हणत होता, "अय्यो, एवढी उठबस कोण करंल? शाळेत करून सोडली मी."

हा व्यायाम विशाखाने जळकोटच्या आपल्या आजीकडून घेतला होता. पार्वतम्मा वय वर्षं त्र्याऐंशी, चुलीपुढून उठताना हातात भाकरीची परात, तरी कुठे टेकत नाही. नातीने चार वर्षं कॉलेजात शिकून घरी येऊन आजीचं उठणं बघितलं आणि ते कसं घडतं हे पायरीपायरीने कागदावर मांडलं. ते खरंच कामाचं आहे का, हे तिला सिद्ध करायचं होतं.

मी रीतसर अर्ज केला. विषय : गट ब मधून गट अ मध्ये विनंती बदली मिळणेबाबत. कारण : कौटुंबिक विवाह. विशाखाने तो वाचला, हसू दाबलं आणि म्हणाली, "काका, पाकीट बदललं तर अभ्यासाला अर्थच राहत नाही. एक गट दुसऱ्याशी ताडून बघायचा असतो. म्हणून तर एकमेकांचे व्यायाम एकमेकांना सांगायचे नाहीत. मोजणी करणाऱ्या अनिमेषलासुद्धा तुमचा गट कळायला नको."

तीस वर्षं लोकांच्या बदल्यांच्या फायली हलवलेल्या माणसाला स्वतःची ब मधून अ मध्ये बदली करता येईना. त्या दिवशी ऑटोत बसल्या बसल्या मला आठवलं की आमच्या खात्यात विनंती बदली नाकारली गेली तरी एक दार उघडं राहतं. एक माणूस परभणीत अडकलेला असतो, त्याला नांदेड पाहिजे. दुसरा नांदेडला असतो, त्याला परभणी. दोघांनी एका कागदावर सह्या केल्या की दोन्ही जागा भरलेल्या आणि दोन्ही माणसं सुखी. याला म्हणतात आपसी बदली.

"मलप्पा," मी म्हणालो, "तुला पडून शेक घ्यायला आवडेल का?"

"हाव की!"

मलप्पाच्या गच्चीवर चार्ज दिला-घेतला गेला. मी निळी पिशवी आणि टॉवेल सुपूर्द केला, त्याने मला आठव्या आठवड्यापर्यंतच्या व्यायामाचा तक्ता. चार्ज तोंडी घ्यायचा नसतो, म्हणून एक जुनं रजिस्टर काढून त्यात आखणी केली : नाव, मूळ गट, बदलीचा गट, कोणाबरोबर, तारीख, सही. कॉलेजात मात्र ज्याचा त्याने आपापला गट सांभाळायचा.

पुढचे तीन आठवडे मी एका निश्चयाने काढले. सकाळी पन्नास, संध्याकाळी पन्नास. चौरंग झाला. दोन पाट झाले. एका पाटावर मात्र पहिल्याच दिवशी घात झाला. पाट देवघरापुढे असतात, म्हणून मी तिथेच बसलो. बसलो तो बसलोच. प्रेमलाबाई भजनीमंडळाला गेलेल्या. पाऊण तासाने सिलिंडरवाला आला. "आत या," मी ओरडलो. तो आला, देवापुढे मला बघितलं, चप्पल बाहेर काढून आला, सिलिंडर आवाज न करता ठेवला, हात जोडले आणि गेला. मी "अहो, उठवा" म्हणालो, ते त्याला मंत्रासारखं वाटलं असावं. संध्याकाळपर्यंत गल्लीत पसरलं की अनंतराव अनुष्ठानाला बसलेत. राजश्रीवहिनी नारळ ठेवून गेल्या. पेशकारांनी आपल्या अपिलाचा निकाल कधी लागेल ते विचारलं. मी म्हणालो, "पाच आठवडे." तो खरोखर पाच आठवड्यांनी लागला, विरुद्ध, पण ते जाऊ द्या.

इकडे मलप्पा खाटेवर गुडघ्याखाली निळी पिशवी घेऊन बातम्या बघत होता. "अनंतराव, तुमचा ब गट म्हणजे स्वर्ग हाय बगा."

मी एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण कॉलेजच्या आवारात लिंबाखाली बाक आहेत, आणि तपासणीआधी तिथे तासभर बसावं लागतं. तासभर गप्प बसणं ही माझ्या प्रकृतीला न मानवणारी गोष्ट. ब गटातले कुरकुरत होते, अ गटातले उठबशांना कंटाळले होते, आणि माझ्या पिशवीत रजिस्टर होतं. चौथ्या आठवड्याअखेर चाळीसपैकी चौतीस माणसांच्या बदल्या झाल्या होत्या. सतरा जोड्या, नाव, तारीख, सहीनिशी. मूळ आदेश धरून बसलेल्यांत एक होत्या पंचफुलाबाई, निवृत्त अंगणवाडीताई. त्यांच्यासमोर मी रजिस्टर उघडलं तर म्हणाल्या, "मी ब मधी हाय म्हंजी ब मधीच हाय. त्या पोरीला शबुद दिलाय. तुम्ही न्हाई का दिला?"

मी विषय बदलला. सही केली होती, शब्द कुठे दिला होता, असं मनाशी म्हटलं.

डायरी मात्र मला ब गटाचीच लिहावी लागे, आणि न केलेल्या गोष्टी लिहायला बसलं की माझ्या हाताला आवर राहत नाही. "ता. ११. शेक इतका छान लागला की गुडघ्यावर पापड भाजला असता." "ता. १४. पापड भाजला."

सहाव्या आठवड्यात मोजणी झाली. अनिमेष नावाचा गंभीर मुलगा हातात स्टॉपवॉच घेऊन बसला होता आणि त्याच्या दारावर पाटी होती, 'कृपया आपला गट सांगू नये.' एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून मी त्याच्यासमोर तीन मिनिटं बसलो. आतापर्यंतच्या आयुष्यात मला झालेला सगळ्यात मोठा शारीरिक त्रास तो. मग मी सतरंजीवर बसलो आणि एक हात टेकून उठलो. अनिमेषच्या भुवया वर गेल्या. माझ्यानंतर मलप्पा बसला. त्याला उठवायला अनिमेष आणि शिपाई, दोघं लागले.

आठवडाभराने शनिवारी तपासणीला गेलो तर विशाखा पायरीवर फाईल घेऊन बसलेली. डोळे लाल.

"तुमचं छान झालं काका," ती म्हणाली. "तुमच्या सगळ्या ब गटाचंच छान झालं. माझा अ गट मात्र होता तिथेच आहे, काही जण तर मागे गेलेत. सर म्हणाले, हा व्यायाम लोकांना उपयोगी नाही, उलट त्रास देऊन राहिलाय. सोमवारी अभ्यास बंद करायचं पत्र देतील." थोडं थांबून म्हणाली, "आजी रोज फोन करून विचारते, माझं उठणं पास झालं का म्हणून."

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या. गोदावरीच्या पुरात म्हशीवर बसून कार्यालय गाठल्याची माझी गोष्ट अजून विभागात सांगतात. पण माझ्या थापेने कुणाची खरी गोष्ट खोटी पडल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो. जो व्यायाम नापास झाला होता त्याच्याच जोरावर मी पायरीपर्यंत काठीशिवाय चालत आलो होतो.

संध्याकाळी मलप्पाला सांगितलं. तो उठून बसला, म्हणजे प्रयत्न केला. "येडे का खुळे? सांगितलं तर नाव कटंल. सतरंजीचा तक्ता नवव्या आठवड्यात मिळणार हाय. तो न्हाई मिळाला तर लातूरला काय कराल? आन् बाकीचे बत्तीस जण तुम्हाला बाकावर बसू देतील का?"

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. लग्न अडीच महिन्यांवर आलं होतं, हात न टेकता उठायचं तर एका पाटापर्यंतच मी पोचलो होतो आणि जमीन अजून एक पाट खाली होती. रविवारभर मी प्रेमलाबाईंच्या पुढे-मागे फिरलो. शेवटी त्या म्हणाल्या, "खुर्चीत बसून जेवलात तर जिलबी मी वाढीन. पण त्या पोरीचं नुकसान करून खाली बसलात, तर मी तुमच्या शेजारी बसणार नाही."

सोमवारी मी रजिस्टर काखेत घेऊन गेलो. विशाखाचे सर टेबलामागे, ती बाजूला. मी सगळं सांगितलं, पहिल्या पाकिटापासून. आयुष्यात इतकं सरळ, एका दमात, एकही म्हैस न आणता मी कधी बोललो नव्हतो. आणि विशाखा म्हणाली, "काका, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. मला बरं वाटावं म्हणून सांगताय. तुमच्या डायरीत पापड आहे."

खरं बोलणाऱ्या माणसाचा असा अपमान कुठे झाला नसेल. मी रजिस्टर टेबलावर ठेवलं.

सरांनी पहिलं पान उघडलं. मग दुसरं. मग मोजणीचा तक्ता शेजारी ठेवून एकेका नावावर बोट फिरवलं. मोजणीत सुधारलेला जवळजवळ प्रत्येक माणूस माझ्या रजिस्टरात 'बदलीचा गट : अ' या रकान्यात होता.

"हे कुणी ठेवलं?"

"मी, सर."

"आमच्या कॉलेजात इतकं व्यवस्थित रेकॉर्ड कुणाचंच नाही," ते म्हणाले. मी थोडा ताठ झालो. "आणि इतका सत्यानाशही आजवर कुणी केलेला नाही." मी परत वाकलो.

निकाल असा लागला. नांदेडची तुलना बाद, कारण माणसं आपल्या मर्जीने गट बदलतात तेव्हा पाकिटांना काही किंमत राहत नाही. आम्ही चौतीस जण अभ्यासाबाहेर. पण व्यायामाने त्रास होतो हा ठपका रजिस्टरामुळे पुसला गेला, आणि विशाखाला सहा महिने वाढवून मिळाले. अभ्यास नव्याने, लातूरला, नव्या माणसांवर. सरांनी नव्या नियमांत एक कलम स्वतःच्या हाताने घातलं की पूर्वीच्या अभ्यासातील अनंतराव यांनी लातूर केंद्राच्या आवारात प्रवेश करू नये. पेशकारांनी ते वाचून सांगितलं, "पक्कं कलम आहे. यातून वाट नाही."

बाकावर माझ्याशी महिनाभर कुणी बोललं नाही. पंचफुलाबाई तेवढ्या एकदा शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आता दिला शबुद?" मी "दिला" म्हणालो. त्यांनी पिशवीतून बोरं काढून दिली.

सतरंजीचा तक्ता मागायला माझी जीभ रेटेना. पण एक दिवस विशाखाचाच फोन आला. "काका, अभ्यासात नाही, पण ओपीडी सगळ्यांना उघडी आहे. केसपेपर काढा, रांगेत बसा, रांगेत कुणाशी बोलू नका." मी तिन्ही केलं. तिसरं करताना घाम फुटला. तिने मला पार्वतम्माचं उठणं शिकवलं : एका कुशीवर वळायचं, एक गुडघा टेकायचा, दुसरा पाय रोवायचा, हात स्वतःच्याच मांडीवर, आणि मग पुढे बघून उठायचं, खाली बघून नाही. मी रोज साठ वेळा उठलो. किती वेळा पडलो ते मोजलं नाही.

लातूरला मांडवात चारशे माणसांची पंगत बसली. मी मांडी घातली. डावीकडे प्रेमलाबाई, उजवीकडे गंजगोलाईतले एक व्यापारी, सिद्धेश्वरअप्पा. वाढपी आला आणि, कसं सांगू, त्याची नजर थेट माझ्या पत्रावळीवर पडली. जिलबी! दुसऱ्यांदा जिलबी! तिसऱ्यांदा मी नको म्हणालो, नुसतं ते सुख घ्यायला.

मग उठायची वेळ झाली. मनस्विनी शालू सावरत समोर येऊन उभी. नवरदेव अनय मागे, दोन हात पुढे करून. "हात खाली घ्या," मी म्हणालो. कुशीवर वळलो. गुडघा टेकला. पाय रोवला. अर्ध्यावर मांडी थरथरली आणि मांडव थोडा तिरका झाला. मी मनस्विनीच्या मुंडावळ्यांकडे बघितलं, खाली नाही, आणि उठलो. कुणाला न धरता.

मनस्विनीने टाळ्या वाजवल्या. प्रेमलाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि कांदा नसताना कांद्याला दोष दिला.

"अहो पाव्हणे," खालून सिद्धेश्वरअप्पा म्हणाले. ते अजून बसलेलेच होते, दोन पुतण्यांची वाट बघत. "माझेबी गुडघे असेच हायत. मी त्या जळकोटच्या पोरीच्या अभ्यासात हाय. ब गट. आमच्या ओळीतले हे पाच-सहा जणबी तिकडलेच, कुणी अ, कुणी ब. तुम्ही काय केलं ते सांगा की! लई उपकार होतील."

पाच-सहा म्हातारी तोंडं माझ्याकडे वळली. चौरंग, पाट, पार्वतम्मा, सगळं माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. प्रेमलाबाईंचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

मी पुन्हा खाली वाकून अप्पांच्या कानाशी, पण ओळभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "कुणाला सांगू नका. जिलबी. रोज दोन, सकाळी अनशापोटी. तीन महिन्यांत वंगण तयार होतं."

लातूरचा अभ्यास परवा संपला. विशाखाचा फोन आला. अ गट पुढे आहे, स्वच्छ, सरांनी दोनदा तपासून बघितलं. आजीला तिने कळवलं की तिचं उठणं पास झालं. आजी म्हणाली, मला ठाऊक होतं, परात धर.

"फक्त एक गोष्ट समजत नाही काका," विशाखा म्हणाली. "लातूरकरांचं वजन वाढलंय. सरासरी तीन किलो."

"कुठल्या गटाचं?" मी घाईने विचारलं.

"दोन्ही. अगदी सारखंच."

"मग तुलनेला काही धक्का नाही ना?"

"नाही," ती म्हणाली. मग तिला मनस्विनीचं लग्न लातूरलाच झाल्याचं आठवलं असावं. "काका... तुम्ही लग्नात काय बोललात?"